सरदाराचे मरण : मॉल्डन आणि बुराडी

इ.स. ९९१ मध्ये एसेक्सचा अँग्लो-सॅक्सन सरदार बिर्टनोथ मॉल्डन येथे व्हायकिंगांशी लढताना पडला. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर. पहिल्याच्या मरणावर ‘बॅटल ऑफ मॉल्डन’ हे काव्य रचले गेले. दुसऱ्याचे मरण कृष्णाजी शामरावाच्या नावावरील ‘भाऊसाहेबांची बखर’ सांगते.

बखरीला ‘वीरकाव्यात्म गद्य’ म्हणून मोकळे होण्याची मराठी समीक्षेची सवय या दोन संहिता शेजारी ठेवताच अडचणीत येते. मॉल्डनच्या कवीला धनी आणि आश्रित हे एकच नाते प्रमाण आहे. ओहोटीची चिंचोळी वाट शत्रूला मोकळी करून देणाऱ्या बिर्टनोथच्या वृत्तीला तो ‘ओव्हरमोद’ म्हणतो. टोल्किनने १९५३ मध्ये त्यात दर्पाचा ठपका वाचला. धन्याच्याच घोड्यावरून पळणाऱ्या गॉड्रिकला तर कवी नाव घेऊन कलंकित करतो. बखरकाराला इतके सोपे उत्तर उपलब्ध नाही. त्याचे सरदार सरंजामाचे धनी आहेत, पेशव्यांचे चाकर आहेत आणि परस्परांचे प्रतिस्पर्धीही. म्हणूनच नजीबखानाला राखण्याचा मल्हारराव होळकरांचा सल्ला तेथे येतो : तो बुडाला तर पेशवे सरदारांना धोतरे बडवायला लावतील! या भयाशिवाय बुराडीचा अर्थच लागत नाही.

दत्ताजीचे अखेरचे उत्तर मात्र एकटेच पाठ्यपुस्तकांत गेले, आणि तेवढ्यावरच बखर वीरगाथा ठरली. मॉल्डनच्या काव्याचा आरंभ व शेवट हरवलेला आहे. उरलेल्या ३२५ ओळींवर भागवण्यावाचून तेथे इलाज नाही. बखरीतील होळकरांचा सल्ला तर छापील उपलब्ध आहे.