लेखकाची सोबत : 'स्मृतिचित्रे'च्या निमित्ताने

लिहिणे हे एकट्याचे काम आहे, असे आम्ही सेमिनरीत असताना मानीत होतो. दार लावून घ्यावे, प्रार्थना म्हणावी आणि कागद पुढे ओढावा. प्रवचने लिहिण्यापुरते ते खरेही असेल. परंतु लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' अलीकडे पुन्हा, आणि या खेपेस सावकाश, वाचली तेव्हा हे मत आम्हांला सोडून द्यावे लागले. आपल्या घरांतून हे आत्मचरित्र बहुधा दोन कारणांसाठी वाचले जाते : रेव्हरंड टिळकांच्या धर्मांतराची हकीकत म्हणून आणि त्यातील निर्मळ विनोदासाठी. दोन्ही वाचने योग्यच आहेत. तथापि एका घरात तीन कवी कसे नांदले, एकमेकांना कोठे पुरले आणि कोठे अपुरे पडले, याचाही तो अगदी जवळून पाहिलेला वृत्तान्त आहे. त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आमचे मत आहे.

१९०७ साली जळगावला महाराष्ट्रातील पहिले कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी कर्नल कीर्तिकर होते. धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा तेथे उभा राहिला, त्याने कविता म्हटली आणि तेव्हापासून त्र्यंबक बापूजी ठोमरे हे 'बालकवी' झाले. टाळ्या वाजविल्या, पदवी दिली, की संमेलनांचे कर्तव्य संपते. (आजही याहून फारसे निराळे घडत नाही.) टिळकांनी मात्र पुढची जबाबदारी पत्करली. त्यांनी या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला होता आणि त्यापायी आप्तस्वकीयांचा केवढा रोष ओढवला होता, हे 'स्मृतिचित्रे'च्या वाचकाला ठाऊकच आहे. अशा घरी एका ब्राह्मण मुलाने राहावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ठोमरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. त्यामुळे त्या घराच्या मायेत काही उणे आले नाही.

लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून ठोमरे आपल्यापुढे येतात ते 'फुलराणी'चे कवी म्हणून नव्हे. घरातला एक हळवा, लहरी, रुसणारा मुलगा म्हणून ते येतात. आमच्या दृष्टीने या चित्रणाचे मोल येथेच आहे. टिळकांनी त्यांना काव्यातील वडीलकी दिली. जेवणाचे ताट आणि रुसवा काढणारे माणूस लक्ष्मीबाईंनी दिले. साहित्याचे इतिहास पहिल्या देण्याची नोंद करतात, दुसऱ्याची करीत नाहीत. पैशाचा हिशेब म्हणून काही असतो, हे टिळकांच्या गावीही नसे. हातात आलेले देऊन टाकावे आणि घरी कोणालाही घेऊन यावे, हा त्यांचा स्वभाव. त्या औदार्याची किंमत स्वयंपाकघरात मोजली जात होती. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, म्हणून ते आपल्याला टोचत नाही. पण त्यांनी ते लपविलेलेही नाही.

आणि स्वतः लक्ष्मीबाईंचे काय? त्यांना अक्षरओळख करून देणारे टिळकच, आणि शिकविताना संतापणारेही टिळकच. दुसऱ्याच्या मुलातील कवी ज्यांनी चटकन ओळखला, त्यांना आपल्याच चुलीपाशी बसलेली एवढी मोठी गद्यलेखिका कितपत दिसली होती? टिळकांविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्हांला हा प्रश्न टाळता येत नाही. ठोमरे १९१८ साली भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. पुढच्याच वर्षी टिळक गेले. तीन कवींच्या घरात एक उरली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर ती खऱ्या अर्थाने लिहू लागली. टिळकांनी अर्ध्यावर सोडलेले 'ख्रिस्तायन' तिने हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. गेलेल्या माणसाची अपुरी ओळ पुढे नेणे हीसुद्धा एक सोबतच होय. आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' (१६१६) रचले तेही श्रोत्यांच्या मागणीमुळे. साष्टीतील नवख्रिस्ती जनांनी आपल्यासाठी पुराणासारखा ग्रंथ मागितला, हे त्यांनीच ग्रंथात सांगून ठेवले आहे.

'स्मृतिचित्रे' लिहिली गेली तीही कोणीतरी मागितली म्हणून. टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. पुत्र देवदत्त यांनी आईकडे त्यांचा आग्रह धरला. १९३४ पासून भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि १९३६ साली लक्ष्मीबाईंच्या निधनामुळे लेखन अपुरे राहिले. या ग्रंथाची भाषा पाहावी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईची ती बोलती मराठी आहे : आखूड वाक्ये, घरगुती म्हणी, मध्येच निसटणारे हसू. सुशिक्षित मुलाच्या हातून ती सहज 'सुधारली' गेली असती. तसे झाले नाही, हे पानापानावर दिसते. ज्याने आईला लिहिते केले त्याने तिला तिच्याच आवाजात बोलू दिले. मराठी वाङ्मयावर हे फार मोठे ऋण आहे, असे आम्ही समजतो.

याच्या शेजारी पुण्याचे रविकिरण मंडळ ठेवून पाहण्यासारखे आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या त्या मंडळात माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा हे रानडे दांपत्य अशी मंडळी होती. एकत्र बसावे, चहा घ्यावा, एकमेकांच्या कविता ऐकाव्यात, त्यांची चिकित्सा करावी आणि मिळून संग्रह काढावेत, अशी त्यांची रीत. कविता गाऊन लोकांपर्यंत नेण्याचे मोठे काम या मंडळींनी केले. परंतु जेथे सगळेच कवी असतात तेथे एकमेकांचे सूर एकमेकांना लागतात. १९२५ मध्ये अत्र्यांनी 'झेंडूची फुले'तून त्यांच्या लकबींची जी टर उडविली, ती बोचली याचे कारण तीत तथ्य होते. टिळकांच्या घरी असा धोका कमी होता. तेथे एक कवी चिडका, दुसरा रुसका आणि तिसरीला कोणी कवी म्हणून मोजत नव्हते. तिघांचे आवाज एकमेकांत मिसळले नाहीत.

हे सर्व लिहिताना आमच्या मनात एक वही आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक गृहिणी ती घेऊन आमच्याकडे आली होती. शंभर पानी, पुढे दुधाचा हिशेब आणि मागून लेखन. सासूबाईंच्या वाडीतला रहाट, पावसाळ्याची बेगमी, लग्नातली गाणी, सारे घरच्या बोलीत लिहिलेले. आम्ही दोन रात्री खपून, तांबड्या शाईने, सर्व ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. बोलीतील शब्दांच्या जागी प्रमाण शब्द घातले. हेतू चांगलाच होता. वही परत देताना शाबासकीही दिली. तिने पाने चाळली, "बरं फादर," म्हणाली, आणि पुन्हा कधी काही दाखविले नाही.

तेव्हा आम्हांला वाटले की हिची हौस फिटली. आज देवदत्त टिळकांकडे पाहिल्यावर तसे वाटत नाही. आमच्या सभागृहात दर महिन्याला चार-पाच जण जमतात आणि आपले लेखन वाचून दाखवितात. त्यांत तीन शिक्षक आहेत. सर्वांचे शुद्धलेखन उत्तम आहे. त्या बाईंचे घर चर्चपासून दोन आळ्यांवर आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर तिकडे जावे, वहीविषयी विचारावे, आणि तांबड्या शाईखालचे मूळ शब्द अजून वाचता येतात का ते पाहावे, असे मनात आहे.