साबू : साम्राज्याच्या पडद्यावरचा भारतीय बालनट

साबू हे नाव ऐकताच तुमच्यापैकी अनेकांना प्राण यांच्या चित्रकथांतला, चाचा चौधरींच्या घरी राहणारा, गुरू ग्रहावरून आलेला धिप्पाड साबू आठवेल. या पाठातील साबू तो नव्हे. हा साबू म्हैसूर संस्थानातील एका माहुताचा मुलगा होता आणि 1937 ते 1942 या काळात इंग्लंड-अमेरिकेच्या मोठ्या चित्रपटांत नायक म्हणून झळकला. त्याच काळात, त्याच निर्मात्याच्या म्हणजे अलेक्झांडर कोर्डा यांच्या चित्रसंस्थेत, मर्ल ओबेरॉन ही मुंबईत जन्मलेली अभिनेत्रीही काम करीत होती. तिने आपले भारतीय मूळ जन्मभर लपवले. साबूला ते लपवता येत नव्हते आणि लपवायला सांगितलेही गेले नाही. कारण विकायचे होते ते तेच.

या पाठात साबूचे चरित्र आपण गरजेपुरतेच पाहू. आपल्यापुढचा प्रश्न समीक्षेचा आहे. ज्या चित्रपटांची भूमिका आपल्याला मान्य नाही, त्या चित्रपटांतला अभिनय आपल्याला मनापासून आवडला, तर त्याबद्दल लिहायचे कसे? 'तो साम्राज्यवादाचे बाहुले होता' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. 'कला आणि राजकारण वेगळे' असे म्हणणे त्याहूनही सोपे आहे. परीक्षेत दोन्ही उत्तरांना गुण मिळतील, पण दोन्ही उत्तरे चित्रपट न पाहताही देता येतात.

करापूर ते डेनहॅम

साबूचा जन्म 27 जानेवारी 1924 रोजी काबिनी नदीकाठच्या करापूर येथे झाला. याच भागात म्हैसूर संस्थानाचे खेद्दे होत, म्हणजे रानटी हत्तींचे कळप हाकून, कोंडून पकडले जात. वडील महाराजांच्या सेवेत माहूत होते. रॉबर्ट फ्लाहर्टी हे माहितीपटाच्या इतिहासातील मोठे नाव. किपलिंग यांच्या 'द जंगल बुक'मधील टूमाईच्या कथेवर चित्रपट करण्यासाठी ते म्हैसूरला आले, तेव्हा छायाचित्रकार ऑसमंड बोराडेल यांच्या नजरेला हा मुलगा पडला. पुढे साबूला इंग्लंडला नेण्यात आले, त्याला शाळेत घालण्यात आले, इंग्रजी शिकवण्यात आले. चित्रपटाचा उरलेला भाग डेनहॅमच्या स्टुडिओत झोल्टान कोर्डा यांनी चित्रित केला.

'एलिफंट बॉय' (1937) पाहताना हा सांधा तुम्हांला उघड्या डोळ्यांनी दिसेल. म्हैसूरच्या चित्रणात साबू हत्तीच्या पायावरून, सोंडेवरून असा चढतो की जणू घराचा जिना चढतो आहे. त्यात अभिनय कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. डेनहॅममध्ये मात्र त्याच्या भोवती इंग्रज नट आहेत. पीटरसन साहेब तर इंग्रज आहेतच, पण टूमाईचे वडील आणि माचुआ अप्पा हेही चेहऱ्याला रंग फासलेले इंग्रजच. तिथे साबू पाठ केलेली वाक्ये म्हणतो आणि त्याचे खांदे किंचित आखडतात. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाच्या दिग्दर्शनाला पारितोषिक मिळाले आणि ते फ्लाहर्टी व कोर्डा यांना मिळून देण्यात आले, हे समर्पकच म्हटले पाहिजे. एकाने मुलगा पाहिला, दुसऱ्याने नट घडवला.

सुरुवातीचे दृश्य विशेष महत्त्वाचे आहे. पागोटे घातलेला साबू थेट कॅमेऱ्याकडे पाहून प्रेक्षकांशी बोलतो. भारतीय मुलगा प्रेक्षकांच्या डोळ्याला डोळा भिडवतो, त्यांच्याच भाषेत गोष्ट सांगू लागतो, हे 1937च्या लंडनमध्ये साधे नव्हते. पण तो जी गोष्ट सांगतो ती किपलिंगची आहे. साबूची पुढची सारी कारकीर्द या एका दृश्यात बीजरूपाने आहे, असे माझे मत आहे.

साहेबाच्या बाजूचा मुलगा

त्यानंतर 'द ड्रम' (1938) आला. वायव्य सरहद्दीवरील एका काल्पनिक संस्थानाचा राजपुत्र अझीम ही साबूची भूमिका. दगाबाज काका इंग्रजांच्या कत्तलीचा कट रचतो आणि गोऱ्या ढोलकऱ्या पोराकडून शिकलेला ढोल वाजवून अझीम साहेबलोकांना सावध करतो. सरहद्दीचे डोंगर म्हणून पडद्यावर जे दिसते, त्यातले बरेच वेल्समधले आहे! कथेचे गणित मात्र पक्के आहे. या चित्रपटात भारतीय दोन प्रकारचे : वाईट ते प्रौढ, चांगले ते लहान किंवा आज्ञाधारक. मुलाला सत्ता नको असते, त्याला मैत्री हवी असते. त्यामुळे राज्यकर्त्याला आपले राज्य म्हणजे एक स्नेहसंबंध वाटू शकते. प्रौढ भारतीय नायक असता तर प्रेक्षकाला विचारावे लागले असते की हा माणूस आपल्या मुलखात दुसऱ्याच्या इशाऱ्यावर का चालतो?

मुंबईच्या प्रेक्षकांनी तो प्रश्न विचारलाच. 1938मध्ये शहरात या चित्रपटाविरुद्ध निदर्शने झाली आणि तो मागे घ्यावा लागला. बाबूराव पटेल यांचे 'फिल्मइंडिया' मासिक अशा साम्राज्यधार्जिण्या चित्रपटांवर तुटून पडत असे.

आता त्याच वर्षी पुण्यात काय चालले होते ते पाहा. प्रभात फिल्म कंपनीचा दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'गोपाल कृष्ण' 1938चाच. त्यातला बाळकृष्ण राम मराठे. त्यांचाही जन्म 1924चा, म्हणजे दोघे मुलगे एकाच वयाचे. एक मुलगा साहेबाला वाचवण्यासाठी ढोल बडवतो, दुसरा कंसाच्या सत्तेला न जुमानता गोकुळ उभे करतो. गोकुळातल्या दुधादह्यावर टाच आणणारा कंस म्हणजे कोण, हे त्या काळच्या प्रेक्षकाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. मुलाची निरागसता ही स्वतः ना साम्राज्यवादी असते ना राष्ट्रवादी. ती कोणाच्या गोष्टीत बसवली आहे यावर सारे अवलंबून असते. तुम्ही केरळचे असा, आसामचे असा किंवा पंजाबचे, तुमच्या भाषेतल्या त्या काळच्या चित्रपटांत असा एखादा मुलगा शोधून पाहा.

जाता जाता एक गोष्ट. किपलिंगच्याच कथेवरचा 'वी विली विंकी' हा शर्ली टेंपलचा चित्रपटही 1937चा. तिथे सरहद्दीवरचे भांडण एक गोरी मुलगी आपल्या गोडव्याने मिटवते. लहान मूल म्हणजे साम्राज्याचा हसरा चेहरा, ही कल्पना त्या वेळी अटलांटिकच्या दोन्ही काठांवर चांगली चालत होती.

अबूचे हसू

'द थीफ ऑफ बगदाद' (1940) हा साबूचा सर्वोत्तम चित्रपट. येथे मला तुमच्याशी थोडे सविस्तर बोलायचे आहे. रंगीत छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि विशेष दृश्यपरिणाम यांसाठी त्याला तीन ऑस्कर मिळाली, पण आज त्यातल्या युक्त्या जुन्या दिसतात. जुना झालेला नाही तो साबू. अबू हा चोर आहे. त्याचा मित्र अहमद हा राज्य गमावलेला राजा. राजा प्रेमात पडतो, उसासे टाकतो आणि बहुतेक वेळ कोणीतरी सोडवायला येण्याची वाट पाहतो. खटपट सगळी अबूच करतो. बाटलीतून सुटलेला अजस्र जिन्न त्याला चिरडायला निघतो, तेव्हा अबू घाबरतो, मग त्याच्या डोळ्यांत एक चमक येते आणि तो जिन्नला पुन्हा बाटलीत जायला भाग पाडतो. भीतीकडून धूर्तपणाकडे जाणारा तो क्षण साबूने शब्दांवाचून केला आहे. त्यासाठी नट लागतो. म्हैसूरच्या चित्रणात जे सहज होते ते येथे कमावलेले आहे. 'साबू अभिनय करीतच नव्हता, तो फक्त स्वतःसारखा वागत होता' हे कौतुक म्हणूनही मान्य करू नये. गोऱ्या नटाने केला की अभिनय आणि काळ्या मुलाने केला की स्वभाव, असा तो हिशेब आहे.

शेवटी राजा दरबारात जाहीर करतो की अबूला शिकवू आणि वजीर करू. ते ऐकताच अबू उडत्या गालिच्यावर बसून पसार होतो. मुलांना हा शेवट अतिशय आवडतो, मलाही आवडतो. पण तो पुन्हा पाहिला की दुसरी बाजू दिसते. शाळा, पद, लग्न, म्हणजे मोठे होण्याच्या सगळ्या वाटा ज्याच्यापुढे मांडल्या, तो त्या नाकारून कायम मूल राहतो. राजकन्या राजाला मिळते, साबूला गालिचा. हे स्वातंत्र्य आहे की हद्दपारी? दोन्ही आहे, आणि चित्रपट दोन्ही एका हसण्यात लपवतो.

वय वाढते तेव्हा

कोणताही बालनट मोठा होताना अडचणीत येतो. राम मराठे यांचे काय झाले? प्रभातमध्येच मास्तर कृष्णराव भेटले, त्यांच्याकडे आणि इतर गुरूंकडे गाणे शिकून ते मोठे गायक झाले, संगीत रंगभूमीवर वर्षानुवर्षे गाजले. त्यांच्यासाठी 'पुढची इयत्ता' अस्तित्वात होती. साबूसाठी ती नव्हती. 1942च्या 'जंगल बुक'मध्ये तो 18 वर्षांचा मोगली होता. मग युनिव्हर्सलच्या 'अरेबियन नाइट्स', 'व्हाइट सॅव्हेज', 'कोब्रा वुमन' या चित्रपटांत नायक जॉन हॉल, नायिका मारिया माँटेझ आणि साबू हा त्यांचा हरकाम्या सोबती. गोऱ्या नायिकेशी त्याचे प्रेम दाखवण्याची हिंमत त्या काळच्या हॉलिवूडमध्ये नव्हती, आणि प्रेमाशिवाय नायक होत नाही.

पडद्याबाहेर तो झपाट्याने मोठा होत होता. 1944मध्ये तो अमेरिकी नागरिक झाला. लक्षात घ्या, भगतसिंग थिंड खटल्याच्या 1923च्या निकालाने भारतीयांना ते दार बंद केले होते आणि सर्वसाधारणपणे ते उघडले 1946च्या कायद्याने. महायुद्धात साबू बॉम्बफेकी विमानावर तोफची होता आणि त्याला शौर्यपदक मिळाले. युद्धावरून परतलेल्या या माणसाला पुन्हा पागोटे आणि हत्ती!

अपवाद एकच, 'ब्लॅक नार्सिसस' (1947). हिमालयातील मठात इंग्रज जोगिणींकडे शिकायला येणारा तरुण राजपुत्र साबूने केला आहे. चित्रपटाचे नाव त्याच्या रुमालावरच्या अत्तराचे आहे. ते अत्तर हिमालयातले नव्हे, लंडनच्या दुकानातले! साबू ही भूमिका किंचित हास्यास्पद आणि खूपशी हळवी करतो. या राजपुत्राला गणित शिकायचे आहे, त्याला प्रेमही होते. त्याची प्रेयसी कांची मात्र रंग लावलेली जीन सिमन्स आहे. शेवटी तो विद्येचा नाद सोडून पूर्वजांच्या वाटेने जायचे ठरवतो. अबूने वजिरी नाकारली होती ती हसत, येथे शाळा सोडताना तो ओशाळलेला आहे. माझ्या मते साबू कधी प्रौढ भूमिका करू शकला असता याचा पुरावा याच दृश्यात आहे.

महबूब खान यांनी 'मदर इंडिया'मधील बिरजूसाठी आधी साबूचा विचार केला होता. ते जमले नाही, बिरजू सुनील दत्त यांनी केला. अशा रीतीने साऱ्या जगाला 'भारतीय मुलगा' म्हणून माहीत असलेल्या या नटाने एकाही भारतीय चित्रपटात काम केले नाही. 2 डिसेंबर 1963 रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले, तेव्हा तो 39 वर्षांचा होता. मृत्यूनंतर प्रदर्शित झालेल्या डिस्नेच्या 'अ टायगर वॉक्स'मध्ये तो वाघ सांभाळणारा भारतीय आहे.

पुढील तासापूर्वी 'एलिफंट बॉय'चे आरंभीचे दृश्य आणि 'ब्लॅक नार्सिसस'मधील निरोपाचे दृश्य लागोपाठ पाहा. आधी आवाज बंद करून पाहा, मग आवाजासह. दोन्ही वेळा साबू कोणाकडे पाहतो आहे, ते वहीत लिहून आणा.