टायरच्या अंगावरची एक ओळ

२१५/६० आर १६ ९५ एच.

नगरमधल्या कुठल्याही मंगल कार्यालयाबाहेर लागलेल्या गाड्यांच्या रांगेत ही ओळ हमखास सापडते. ब्रेझाच्या टायरवर ती आहे आणि व्हेन्यू, सोनेट, नेक्सॉन यांच्या वरच्या व्हेरियंटवरही तीच आहे. नेक्सॉन तर आपल्या नगर-पुणे रस्त्यावरच, रांजणगावला तयार होते. एरवी एकमेकींची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या चार कंपन्या या एका ओळीवर एकमत करतात, यात काहीतरी गोम असणारच. पण गाडी घेताना आपण सनरूफ उघडून बघतो, टचस्क्रीन चाळतो, रंगावरून घरात वाद घालतो. ही ओळ काही वाचत नाही. ती वाचायची पाळी येते टायर गुळगुळीत झाल्यावर, आणि तेव्हाही आपल्या वतीनं टायरवालाच वाचतो. वाचून झाल्यावर म्हणतो, "भाऊ, परत तेच काय टाकता? सतरा इंची मॅग टाका, गाडी कशी उठून दिसंल बघा."

त्याला उत्तर द्यायचं तर ओळीचा अर्थ आपला आपल्याला लावता आला पाहिजे.

पहिली गंमत मापांची. २१५ मिलिमीटर, ६० टक्के, १६ इंच. एका दमात तीन वेगळी मापं, आणि एकाचंही दुसऱ्याशी भांडण नाही. २१५ ही टायरची रुंदी, १६ हा रिमचा व्यास. रिमचा संसार पहिल्यापासून इंचात चालला आणि तसाच राहिला. मिशेलिननं १९७५ च्या सुमारास टीआरएक्स नावाचा टायर आणून रिमसुद्धा मिलिमीटरमध्ये बसवायचा प्रयत्न केला होता, ३९० मिलिमीटरची रिम वगैरे. हिशेबाला स्वच्छ, पण बाजारात टिकला नाही. लोकांना हीच भेसळ मानवली. मधला 'आर' म्हणजे रेडियल. त्याचं पेटंटही मिशेलिनचंच, १९४६ चं. सवयीनं नजर या अक्षरावर थांबत नाही. खड्ड्यापाशी ते आपल्याला परत भेटेल.

ओळीचा जीव आहे तो साठमध्ये. साठ टक्के कशाचे? रुंदीचे. २१५ चे साठ टक्के म्हणजे १२९ मिलिमीटर, पाच इंचांहून किंचित जास्त. रिमच्या कडेपासून टायरच्या नक्षीपर्यंतची रबरी भिंत एवढी उंच. म्हणजे हा आकडा एकटा कधीच बोलत नाही, शेजाऱ्याकडे बघून बोलतो. २१५ चे २२५ केले आणि साठ तसाच ठेवला, तरी भिंत १३५ वर जाते. "साठचा साठच तर आहे" म्हणणारा इथंच फसतो. इतक्या थोड्या जागेत आकड्यांनी एकमेकांना असं बांधून ठेवलेलं मला तरी फार कुठे दिसलं नाही.

या भिंतीची किंमत कळायला पावसाळ्यात नगर-मनमाड रस्त्यानं राहुरीच्या पुढे एकदा जाऊन यावं. चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा फारसं बिघडत नाही. बिघडतं ते बाहेर पडताना, समोरच्या डांबराच्या धारेवर आदळल्यावर. भिंत क्षणभर दुमडते आणि रबर सापडतं रिमची कड नि ती धार यांच्या चिमट्यात. आता तो 'आर'. रेडियल टायरच्या भिंतीतले धागे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे एकाच दिशेनं जातात. पोलादी पट्टे असतात फक्त नक्षीखाली, जमिनीला टेकणाऱ्या भागात. त्यामुळे भिंत लवचीक राहते, गाडी मऊ चालते, आणि त्याचमुळे भिंत नाजूकही असते. चिमट्यात चार धागे तुटले की आतली हवा त्या जागचं रबर बाहेर ढकलते आणि लिंबाएवढा फुगा येतो. फुग्याला इलाज नाही. नक्षीतलं पंक्चर कुणीही काढून देईल, पण भिंतीला शहाणा पंक्चरवाला हात लावत नाही. १२९ मिलिमीटरची भिंत रिमपर्यंत चेपायला खड्डा चांगला खोल आणि गाडी चांगली वेगात लागते. भिंत जितकी बुटकी, तितकं हे काम सोपं.

शिवाय नगर जिल्ह्याचा रस्ता हा एकच रस्ता नव्हे. क्षेत्रफळानं राज्यातला हा सगळ्यात मोठा जिल्हा. अकोल्यात भंडारदऱ्याकडे जाताना पावसानं न्हालेलं डांबर, पाथर्डीकडे करंजी घाटाची वळणं, श्रीरामपूर-राहात्याच्या बाजूला गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातून सडकेवर आणलेला काळा चिखल, आणि शेवटचा किलोमीटरभर वस्तीवर जाणारी मुरमाची वाट, मधोमध वर आलेल्या दगडासकट. या सगळ्याला पुरून उरेल अशी तडजोड म्हणून ही ओळ बघितली की त्या चार कंपन्यांचं एकमत समजू लागतं.

बाजारात या ओळीचे पाठभेद फिरतात. त्यातला सर्वांत देखणा २१५/५५ आर १७. मूळ चाकाचा एकूण व्यास ६६४ मिलिमीटर, याचा ६६८. रिम इंचभर वाढवली, भिंत ११८ वर उतरवली, बाहेरचं वर्तुळ जवळपास जागच्या जागी. कारागिरी म्हणून याला दाद द्यायलाच हवी. वळणावर गाडी कमी झुलते, स्टिअरिंग चटकन ऐकतं. पण ते अकरा मिलिमीटर आपण नेमके खड्ड्याला देऊन बसतो. याच वाटेनं पुढे गेलं की २२५/४५ आर १८ लागतो. वर्तुळ अजूनही जुळतं, भिंत मात्र १०१ ची. सावेडीत मिरवायला ठीक आहे. त्या चाकांवर कोपरगावला जाऊन येणाऱ्याच्या धाडसाचं मी कौतुक करीन, निवडीचं नाही.

दुसरा पाठ उलट्या मोहाचा, २१५/६५ आर १६. भिंत १४० च्या घरात, व्यास ६८६, गाडी जमिनीपासून सुमारे ११ मिलिमीटर वर. वस्तीवरच्या दगडाची आठवण झाली की हात तिकडेच जातो. डस्टरवर ही ओळ शोभली, कारण ती गाडी मुळातच तिच्यासाठी आखलेली होती. आपल्या गाडीवर व्यास सव्वातीन टक्क्यांनी वाढतो. मीटरवर शंभर दिसताना वेग पूर्वीपेक्षा तीनेक किलोमीटरनं जास्त असतो. मीटर मुळात थोडं वाढवूनच दाखवतं, ती सवलत इथं खर्ची पडते. त्यात पाच माणसं नि डिकीत धान्याचं पोतं घेऊन स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासतो का, हे बसवून बघितल्याशिवाय कळत नाही.

तिसरा २२५/६० आर १६. व्यास ६७६, वाढ दोन टक्क्यांच्या आत. टायर थोडा जड, ॲव्हरेज किंचित कमी, पण रिम पुरेशी रुंद असेल आणि कुठे घासत नसेल तर हा पाठ मला मान्य आहे. याहून निर्धोक पाठ गाडीच्या मॅन्युअलमध्ये सापडतो. नेक्सॉनच्या खालच्या व्हेरियंटला १९५/६० आर १६ येतो, वरच्याला २१५/६०. इथं पाठभेद खुद्द कर्त्याचाच आहे. त्यावर टीकाकारानं फार बोलू नये.

कर्त्याच्या शब्दाला वजन का, याचं उत्तर योगायोगानं नगरमध्येच आहे. गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी त्याचा नमुना तपासून घ्यावा लागतो, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ मध्ये ज्या संस्थांना हा अधिकार दिला आहे, त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर आपल्या इथली संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई, नावानिशी आहे. टायरचा आकार या मंजुरीच्या कागदांचाच भाग असतो. पुढे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकानं करू नये. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस टायर बघायला वाकतो, तेव्हा तो हीच ओळ वाचत असतो.

ओळीच्या शेपटाकडे, '९५ एच'कडे, बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ९५ म्हणजे एका टायरनं ६९० किलो पेलायचे. 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटर. एवढा वेग काढायचा कुठे, असं कुणी विचारील. पण हे अक्षर वेगापेक्षा उष्णतेशी जास्त संबंधित आहे. शिर्डीहून समृद्धी महामार्गाला लागलं की १२० ची मर्यादा, खाली काँक्रीट, वर एप्रिलचं ऊन. हवा कमी असेल तर भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकून तापते, आणि तापत तापत फुटते. दोनशे रुपये वाचवायला खालच्या आकड्याचा, खालच्या अक्षराचा टायर घेणं म्हणजे नेमका हाच ताण वाढवून घेणं. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो. हवा वेळच्या वेळी तपासा, तेवढं पुष्कळ झालं.

रिमची स्वतःची ओळ तिच्या पाठीवर असते, उदाहरणार्थ ६.५ जे, ईटी ४५, पीसीडी ५×११४.३. यातले ११४.३ मिलिमीटर, म्हणजे पाच नटांच्या वर्तुळाचा व्यास, बरोबर साडेचार इंच. इंच इथं वेशांतर करून आलाय. बाहेरच्या दुकानातली मॅग बहुधा कमी ईटीची असते, म्हणजे चाक बाहेर येतं. दिसायला रुबाबदार, पण दरवाजावर चिखल उडतो आणि बेअरिंगवर भार येतो. नट बसले म्हणजे रिम बसली असं समजू नका. मधलं भोकही हबवर नेमकं बसलं पाहिजे, नाहीतर बॅलन्सिंग कितीही करा, ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतंच.

तेव्हा नगर जिल्ह्यात फिरणाऱ्या गाडीला माझा कौल मूळ पाठालाच: रिम सोळाचीच ठेवा, साठच्या खाली उतरू नका, आणि मॅगवर घालायचे पैसे टायरच्या दर्जावर घाला. दुकानात टायर समोर आला की भिंतीवरचे चार अंक शोधा. २३२५ असेल तर तो २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानंच बाद. आणि चारही टायरचा आकार बदलायचं ठरवलंच, तर डिकी उघडून स्टेपनीवरची ओळही वाचून घ्या. बऱ्याच गाड्यांत ती आधीच वेगळी असते, आणि तिच्यावर वेगाची मर्यादाही लिहिलेली असते.