भाऊ : खरा आणि कल्पित

जॉर्ज एलियट या पुरुषी नांवानें लिहिणाऱ्या मेरी ॲन इव्हान्स (१८१९–१८८०) या इंग्रज लेखिकेची ‘द मिल ऑन द फ्लॉस’ ही कादंबरी १८६० सालीं प्रसिद्ध झाली. तींतील टॉम टलिव्हर हें पात्र लेखिकेचा वडील बंधु आयझॅक याच्यावरून घेतलेलें आहे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु मूळ पुरुष सांपडला म्हणजे टीकाकाराचें काम संपलें, असें आम्हांस वाटत नाहीं. लेखिकेनें त्या मूळ पुरुषाचें काय केलें, हा खरा प्रश्न होय.

१८५४ सालापासून ती जॉर्ज हेन्री ल्यूइस या विवाहित ग्रंथकाराबरोबर संसार करूं लागली. त्याला कायद्यानें घटस्फोट मिळणें शक्य नव्हतें. १८५७ सालीं तिनें ही हकीकत भावास कळविली. त्यानें स्वतः उत्तर न देतां वकिलाकडून पत्र धाडविलें, संबंध तोडला आणि बहिणींसही तोडावयास लावला. अशा भावाचें चित्र रेखाटतांना लेखणी विषांत बुडाली असती, तरी कोणास नवल वाटलें नसतें.

तिनें केलें तें उलट. आयझॅकला वडिलांचा जमीनजुमल्याच्या कारभाऱ्याचा धंदा आयता मिळाला होता. टॉमच्या शिरावर मात्र लेखिकेनें बुडालेल्या बापाचें कर्ज ठेविलें आणि तें फेडण्याचा मान त्याला दिला. त्यामुळें मॅगीला घरांत थारा न देणारा टॉम कठोर वाटतो, पण क्षुद्र वाटत नाहीं.

शेवट मात्र आम्हांस पटत नाहीं. महापुरांत बहीणभाऊ परस्परांस मिठी मारून बुडतात. पुराची चाहूल कथेंत आधींपासून आहे. टॉमच्या मनाच्या पालटाची नाहीं. तो पालट कथेला नव्हे, लेखिकेला हवा होता.

प्रत्यक्षांत समेट झाला तो निराळ्याच वाटेनें. ल्यूइस १८७८ सालीं वारला. मे १८८० मध्यें तिनें जॉन क्रॉस याच्याशीं रीतसर विवाह केला, तेव्हां कोठें आयझॅकचें अभिनंदनाचें पत्र आलें. २३ वर्षांचें मौन एका विवाहविधीनें सुटलें! त्याच वर्षीं डिसेंबरांत ती निवर्तली. अंत्यविधीस तो हजर होता.

म्हणून टॉम ही आयझॅकची छबी नव्हे. आयझॅक कसा असता तर त्याला क्षमा करणें बहिणीस सोपें गेलें असतें, तें आपणांस टॉममध्यें दिसतें.