काट्याची चाल

किल्ली अर्धीच फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही, आणि पेट्रोलच्या काट्यावर नजर ठेवायची. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ साली बाहेर पडलेली एमजीबी असेल, तर काटा तत्क्षणी उसळी घेतो, आपल्या जागी पोचतो, किंचित थरथरतो आणि थांबतो. १९६६ सालची असेल, तर पहिले काही क्षण काहीच घडत नाही. मग पहाटे उठलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा काटा हळूच हलतो आणि सावकाश चढत जातो. वर पोचायला त्याला बराच वेळ लागतो. दोन्ही गाड्या दिसायला सख्ख्या बहिणी. तोच उतरता बॉनेट, तोच सुरकुत्यांच्या काळ्या रंगाचा लोखंडी डॅशबोर्ड, तीच क्रोमची कडी. काट्याच्या चालीवरून मात्र त्या वेगळ्या ओळखू येतात.

एमजीबीचं कौतुक करणारे बहुतेक लोक स्पीडोमीटर आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा डायल, या दोन मोठ्या चकत्यांपाशी थांबतात. जेमतेम दोन इंच व्यासाचा पेट्रोलचा डायल त्यांच्या शेजारी दबून जातो. पण ही गाडी मूळ रूपात आहे की नंतर जुळवलेली, हे ओळखायचं असेल, तर माझ्या मते वाचावा तो हाच डायल. मोठ्या डायलांची निगा सगळेच राखतात. छोट्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही, म्हणून काय बदललं गेलं ते त्याच्यावर उघड राहून जातं.

डायल बनवणारी कंपनी स्मिथ्स. सॅम्युअल स्मिथ यांनी १८५१ साली लंडनमध्ये घड्याळांचं दुकान काढलं, आणि त्या घराण्याची कंपनी पुढे घड्याळांवरून मोटारींच्या मीटरकडे वळली. हे कळलं की डायलचं देखणेपण कुठून आलं ते उमगतं. काळी मंद पृष्ठभूमी, तिच्यावर पांढऱ्या खुणा आणि त्या खुणांना नेमका टेकणारा बारीक काटा. ही घड्याळजीची शिस्त आहे. डायलवर एक ‘ई’, एक ‘एफ’ आणि मधल्या रेघा. रिकामं आणि भरलेलं यांच्यामधला सगळा प्रवास एवढ्यात मावतो. काही जुन्या इंग्लिश गाड्यांच्या डायलांवर स्मिथ्सऐवजी येगर हे नाव दिसतं आणि नवखा माणूस गोंधळतो. येगरची इंग्लंडमधली शाखा स्मिथ्सच्याच ताब्यात गेली होती, त्यामुळे नुसत्या नावावरून फारसं काही ठरत नाही.

ठरतं ते त्याखालच्या अक्षरांवरून. डायलच्या तळाशी, कड्याला जवळजवळ खेटून, अगदी बारीक ठशात एक क्रमांक असतो. भिंग लागतं, आणि काचेवर धूळ असेल तर धीरही लागतो. क्रमांकाची सुरुवात ‘एफजी’ अशी असेल तर यंत्र जुन्या पद्धतीचं, ‘बीएफ’ अशी असेल तर नव्या. मला ही दोन-दोन अक्षरं जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिक आपलं नाव आणि शक लिहितो, तशी वाटतात. मजकुराशी त्यांचा संबंध नाही, पण मजकूर कोणत्या हातचा हे तीच सांगतात. मात्र आता जुन्या डायलांची छपाई इतकी हुबेहूब करून मिळते, की क्रमांक जुना आणि आतलं यंत्र दुसरंच, असंही होऊ शकतं. म्हणून नुसतं मुखपृष्ठ वाचून भागत नाही, डायलच्या मागे जावं लागतं.

मराठीत ‘काटा’ म्हणजे घड्याळाचा काटा, आणि काटा म्हणजे वजनाचा तराजूही. जुन्या ‘एफजी’ डायलला हा शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो. त्याच्या पोटात दोन कॉइल आहेत. एक काट्याला ‘ई’कडे खेचते, दुसरी ‘एफ’कडे. टाकीतला फ्लोट पेट्रोलबरोबर वरखाली होतो, त्याबरोबर तारेचा रोध कमीजास्त होतो आणि दोन ओढींमधलं पारडं एकीकडे झुकतं. लोखंडाचा लहानसा तुकडा त्या दोघींच्या मध्ये उभा राहून कौल देतो आणि तो कौल काटा आपल्याला दाखवतो. बॅटरी थोडी उतरली तरी दोन्ही कॉइल सारख्याच अशक्त होतात, म्हणून तोल फारसा ढळत नाही. दोन्ही पारड्यांतून सारखंच काढलं तर तराजू हलत नाही, तसंच हे. इतकी साधी आणि इतकी सरळ रचना मोटारीत क्वचित सापडते.

नव्या ‘बीएफ’ डायलमध्ये तराजू नाही, ऊब आहे. दोन धातूंच्या जोडपट्टीभोवती तार गुंडाळलेली असते. तारेतून वीज गेली की पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. तापायला वेळ लागतो, म्हणून काटा सावकाश चढतो. किल्ली बंद केली की निवायला वेळ लागतो, म्हणून उतरतोही सावकाश. इथे विजेचा दाब बदलला की दाखवलेलं मापही बदलतं. त्यामुळे डायलच्या जोडीला डॅशबोर्डमागे एक छोटा डबीएवढा व्होल्टेज स्टॅबिलायझर आला. घरोघरी फ्रिजशेजारी ठेवायचो त्याचाच हा धाकटा भाऊ. तोही धातूच्या पट्टीवरच चालतो. इस्त्री जशी टक्‌ करून बंद-चालू होते, तसा हा सतत तुटत-जुळत राहतो आणि बारा व्होल्टांच्या गाडीत डायलला सरासरी दहा व्होल्ट पुरवतो. त्या डबीचं अर्थिंग सुटलं तर काटा फुशारकी मारायला लागतो आणि असल्यापेक्षा जास्त पेट्रोल दाखवतो.

हा बदल १९६४ च्या अखेरीस झाला. त्याच सुमारास एमजीबीला पाच बेअरिंगांचं नवं इंजिन आणि विजेवर चालणारा फेरे-मापक मिळाला. इथे हौशी मंडळी हमखास फसतात. सुरुवातीच्या एमजीबीच्या दाराची कडी ओढायची असायची. ती १९६५ च्या वसंतात गेली आणि बटण दाबायची कडी आली. ओढायची कडी म्हणजे सगळ्यात जुनी गाडी, आणि जुनी गाडी म्हणजे चटकन हलणारा काटा, असा हिशेब लोक मनात बांधतात. पण मधल्या काही महिन्यांतल्या गाड्यांना दार जुनं आहे आणि डायल नवा. अशा गाडीत कोणी श्रद्धेने ‘एफजी’ डायल शोधून आणून बसवला, तर खर्च करून गाडीचं मूळपण घालवल्यासारखं होतं. तिथे मंद काटाच अस्सल आहे, आणि तो तसाच राहू द्यायला हवा. मला स्वतःला जुना काटा जास्त आवडतो, हे लपवत नाही. पण गाडीच्या जन्मसालापुढे माझ्या आवडीला काही किंमत नाही.

मूळ या शब्दाचा एक अर्थ जमिनीखालचं मूळ. पेट्रोलच्या डायलचं मूळ गाडीच्या मागच्या टाकीत आहे. डॅशबोर्डपासून टाकीपर्यंत एकच तार जाते, आणि दोन्ही टोकं एकाच काळातली असावी लागतात. टाकीतल्या जुन्या फ्लोट-युनिटचा रोध रिकामेपणी सर्वांत कमी असतो आणि टाकी भरत जाते तसा वाढतो. नव्याचं बरोबर उलट. जुन्या डायलला नवं युनिट जोडलं, तर टाकी काठोकाठ भरल्यावर काटा खाली बसतो, आणि पेट्रोल संपत आलं की दिमाखात वर चढतो. ओळखायची खात्रीची खूणही याच उलटेपणात आहे. टाकीकडची तार सोडवून क्षणभर गाडीच्या धातूला टेकवायची. काटा ‘ई’कडे गेला तर डायल जुना, ‘एफ’कडे निघाला तर नवा, आणि नव्या डायलवर हा प्रयोग लांबवायचा नाही, पट्टीची तार जळू शकते. मागच्या बाजूला जुन्याच्या खिळ्यांशेजारी ‘बी’ आणि ‘टी’ कोरलेलं असतं, बॅटरी आणि टाकी. जुन्याला स्वतःचं अर्थिंग लागतं, नव्याला लागत नाही. छापील चेहरा कितीही नकली असो, या गोष्टी छापता येत नाहीत.

कंपनीने मंद काटा आणला त्यामागचं कारण रस्त्यावर गेलं की लगेच समजतं. एमजीबीची टाकी चपटी, डिकीच्या तळाखाली आडवी पसरलेली. सुरुवातीच्या गाड्यांत ती दहा गॅलनची, म्हणजे सुमारे पंचेचाळीस लिटरची होती. अर्धी भरलेली टाकी घेऊन वळणावर गेलं की सगळं पेट्रोल एका कुशीला सरकतं. मंद काट्याला याची दाद नसते. तो तापलेल्या पट्टीवर आपली सरासरी धरून बसतो, आणि रोज कामाला जाणाऱ्या माणसाला तेच सोयीचं. जुना काटा मात्र गाडीबरोबर वळतो. एका बाजूच्या वळणाला वर उडतो, दुसऱ्या बाजूच्या वळणाला खाली येतो. लागोपाठ वळणं असली की त्याला क्षणाचीही उसंत मिळत नाही. मग रस्ता सरळ होतो, पाठीमागे पेट्रोल समतल होतं, आणि दोन-तीन हेलकावे घेऊन काटा पुन्हा आपल्या रेघेवर येऊन उभा राहतो.