क्रम, प्रतवारी आणि गण

इंग्रजीतील ‘ऑर्डर’ हा शब्द गणिताच्या तासाला चढता-उतरता क्रम सांगतो, जीवशास्त्राच्या तासाला वनस्पतींचा गण सांगतो आणि शाळेबाहेर हुकूमही सांगतो. जळगाव-धुळे जिल्ह्यांतील कितीतरी मुले घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलतात, शाळेत प्रमाण मराठी शिकतात आणि सेमी-इंग्रजी वर्गात गणित-विज्ञान इंग्रजीतून वाचतात. ‘ऑर्डर’, ‘रँक’, ‘ग्रेड’, ‘सिरीज’, ‘सीक्वेन्स’ असे शब्द त्यांच्यापुढे येतात, तेव्हा आपण शिक्षक पुष्कळदा ‘म्हणजे क्रम’ असे सांगून पुढे जातो. आमचा आक्षेप या सवयीला आहे. तिच्यामुळे केवळ शब्द चुकत नाही, विज्ञानही चुकते.

या शब्दांमागे वेगवेगळी चित्रे आहेत. ‘सीक्वेन्स’च्या मुळाशी मागोमाग जाणे आहे, ‘सिरीज’च्या मुळाशी एकात एक जोडत जाणे, ‘ग्रेड’च्या मुळाशी पायरी आणि ‘रँक’च्या मुळाशी रांग. ‘ऑर्डर’ ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ मागावरील धाग्यांची ओळ असा असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. कापसाच्या मुलखातील मुलांना हे चित्र सहज कळेल. शिवाय मराठी शब्दांची मुळे आयुष्यभर शोधणाऱ्या इतिहासाचार्य राजवाडे यांची अखेर १९२६ मध्ये धुळ्यातच झाली. तेव्हा शब्दाच्या मुळाशी जाण्याची रीत आपल्याकडे नवी नाही.

आता रावेर-यावलच्या केळीच्या बागेत जाऊ या. लोंबणाऱ्या घडातील सर्वांत वरची फणी आधी उमलते, मग तिच्या खालची. हा झाला क्रम. माल काढल्यावर आकार, डाग, पक्वता पाहून व्यापारी तो वेगवेगळा लावतो. ही प्रतवारी. आणि वनस्पतिशास्त्र सांगते, की केळ, आले व हळद एकाच गणातील आहेत. केळीचे कुल वेगळे, आले-हळदीचे वेगळे. पण या कुलांना सामावणारा गण एकच. गण म्हणजे मोठ्या डब्यातील लहान डबा. त्यात कोणी आधी नाही, कोणी वरचढ नाही. लिनिअसने १७३५ मध्ये वर्गीकरणाच्या या पातळीसाठी ‘ऑर्डो’ हा लॅटिन शब्द वापरला. त्याला ‘क्रम’ म्हटले तर मुले विचारतील, ‘मग केळीचा नंबर कितवा?’ प्रश्न रास्त आहे, चूक शब्दाची आहे.

क्रम आणि दर्जा यांची गल्लत गणितातही होते. ‘कंचेभागुबेव’ आपण सर्वांनी पाठ केले आहे. त्यात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर येतो. तो शब्दशः पाळणारा विद्यार्थी १० − ४ + ३ मध्ये आधी ४ आणि ३ यांची बेरीज करतो व उत्तर ३ काढतो. बरोबर उत्तर ९ आहे. बेरीज आणि वजाबाकी यांचा दर्जा सारखाच. म्हणून डावीकडून उजवीकडे जायचे. भागाकार-गुणाकाराचेही तसेच. मात्र तेथे भागाकार आधी केल्याने उत्तर बिघडत नाही, म्हणून गैरसमज झाकलेला राहतो. सूत्रात अक्षरे एकापुढे एक लिहावीच लागतात. त्यावरून क्रियांची उतरंड ठरत नाही.

आपले पारिभाषिक शब्दही तपासायला हवेत. विद्युत परिपथातील ‘एकसर जोडणी’ हा शब्द आम्हांला फार आवडतो. एका सरात ओवलेले मणी लगेच दिसतात. गणितातील ‘क्रमिका’ही नेमका आहे. ‘श्रेणी’वर मात्र फार ओझे आहे. गणितात ती पदांची बेरीज, तर निकालपत्रात ‘अ’ किंवा ‘ब’. ‘गण’ जीवशास्त्रात एक, आवर्तसारणीच्या उभ्या स्तंभात दुसरा, वृत्तांत तिसरा आणि पंचायत समितीच्या निवडणुकीत चौथा. ‘अणुक्रमांक’ आणि ‘अणुअंक’ यांतील फरक तर शिकवण्यासारखा आहे. अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडणी केली तर आयोडीन (१२६.९) टेल्यूरियमच्या (१२७.६) आधी येते, गुणधर्म पाहता ते नंतर हवे. मोस्लीच्या १९१३ मधील क्ष-किरणांच्या प्रयोगांनी दाखवले, की सारणीतील जागेचा क्रमांक ही नुसती नोंद नसून अणूचीच एक राशी आहे. हा अंक केंद्रकातील धनप्रभाराचा, म्हणजे आजच्या भाषेत प्रोटॉनांची संख्या. क्रमांकाचा अंक कसा झाला, ते या दोन शब्दांत साठले आहे.

खरा धोका पुढेच आहे. वर्ग, कुल, जाती हे वर्गीकरणाचे शब्द समाजातील उतरंड सोबत घेऊन वर्गात येतात. त्यांना ‘उच्च’ आणि ‘निम्न’ ही विशेषणे जोडली, की सजीवांचीही उतरंड पक्की होते. वास्तविक आजचा जीवाणू आणि आजचा माणूस यांच्यामागे उत्क्रांतीचा सारखाच काळ आहे. रचना साधी की गुंतागुंतीची, एवढेच म्हणावे.

म्हणून असा शब्द आला, की फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत: कोण कोणाच्या मागून? कोण कोणापेक्षा सरस? कोण कोणात सामावलेले? हजेरीपटावर पहिले नाव असलेले मूल परीक्षेत पहिले असतेच असे नाही, हे सर्व मुलांना ठाऊक असते. विज्ञानाच्या तासालाही त्यांना तेवढेच आठवू द्यावे.