मैदान आणि माजघर

दोन प्रकारच्या लेखनाला आपल्या समीक्षेने अजून पंक्तीला घेतलेले नाही. एक, खाण्यापिण्याच्या आठवणी. दुसरे, खेळाच्या नादी लागलेल्या माणसाची कुरकुर. पहिल्याची जागा बायकांच्या पानावर, दुसऱ्याची वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, असे ठरूनच गेले आहे. अमेरिकेतल्या इटालियन घरांतून आलेल्या लेखकांचे ह्या दोन्ही जातींचे लेखन मी गेले वर्षभर शब्दकोश शेजारी ठेवून वाचत आलो आहे. कॉलेजाची पायरी न चढलेल्या माणसाला तेवढी मदत घ्यावीच लागते. वाचता वाचता माझे असे मत झाले, की ही दोन लेखने दिसायला निराळी असली तरी त्यांचे दुखणे एकच आहे. आणि ज्या लेखनात ते दुखणे झाकले जाते, ते कितीही सुरेख असले तरी अपुरे राहते.

आधी त्या खेळाविषयी थोडे. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ. हंगाम वसंतात सुरू होतो, पानगळीत संपतो, आणि तेवढ्यात एकेक संघ सध्या १६२ सामने खेळतो. म्हणजे शौकिनाला जवळजवळ रोजच आशा आणि रोजच धास्ती. दहा वेळा फळी घेऊन उभे राहावे, तीनदा चेंडू नीट मारावा आणि सातदा हात हलवीत परतावे, तर त्या फलंदाजाला लोक थोर म्हणतात! ज्या खेळात थोरांचीही ही गत, त्याच्या भक्तांना कुरकुर शिकवावी लागत नाही.

त्यातही बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचे भक्त म्हणजे दुःखाचे इनामदार. १९१८ मध्ये संघ जगज्जेता झाला. पुढच्याच हंगामानंतर मालकाने बेब रूथ हा आपला हिरा न्यूयॉर्कच्या यांकी संघाला विकला. आणि मग ८६ वर्षे विजेतेपद नाही. १९४६, १९६७, १९७५, १९८६ अशा चार वेळा संघ अंतिम मालिकेत पोचला आणि चारही वेळा सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यात हरला.

ह्या संघाच्या भक्तांपैकी एक होता बार्ट जियामाटी. वडील इटालियन भाषेचे प्राध्यापक; मुलगा रेनेसाँस काळातल्या काव्याचा पंडित, पुढे येल विद्यापीठाचा अध्यक्ष, आणि १९८९ मध्ये सगळ्या व्यावसायिक बेसबॉलचा आयुक्त. कवितेच्या अभ्यासातून खेळाच्या गादीवर गेलेला दुसरा माणूस मला ठाऊक नाही. त्याचा ‘द ग्रीन फील्ड्स ऑफ द माइंड’ हा छोटा निबंध १९७७ चा. त्या वर्षी २ ऑक्टोबरला, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, बॉस्टन बाल्टिमोरकडून ८-७ असे हरले. रेडिओला कान लावून बसलेल्या श्रोत्याचा हा निबंध आहे. पावसाळी रविवार, तुंबलेली गटारे, ओले रस्ते, आणि समालोचकाच्या आवाजासरशी संपणारा उन्हाळा. हा खेळ काळाला थोपवून धरल्याचा भास देतो नि ऐन गरजेच्या वेळी हात सोडतो, हे जियामाटी इतक्या हळुवारपणे सांगतो, की बेसबॉलचा एक सामना न पाहिलेल्या माझ्यासारख्यालाही ते दुःख ओळखीचे वाटले.

आणि तरीही माझी तक्रार आहे. ह्या निबंधात पराभव फार लवकर ऋतू होऊन जातो. पानगळीला कोणी दोष देत नाही. पण खरा शौकीन दोष दिल्यावाचून राहतो का? तो नावे घेतो, कपाळ बडवतो, दुसऱ्या दिवशी कामावर गुरगुरतो. शिवाय हा श्रोता एकटा आहे. रेडिओ ज्या घरात वाजतो आहे, तिथे कोणी चूल पेटवली की नाही, कोणी ‘पुरे करा आता, जेवायला चला’ म्हणाले की नाही, ह्याचा पत्ता निबंध लागू देत नाही.

इटालियन घरातल्या मुलाने लिहिताना स्वयंपाकघर बाहेर ठेवावे, ह्यात योगायोगापेक्षा अधिक काही असू शकेल, असा मला संशय येतो. अमेरिकेत त्या स्वयंपाकघराचा वास एके काळी लपवण्याची गोष्ट होती. जो डिमाजिओ हा यांकींचा महान खेळाडू. त्याचा बाप सिसिलीहून आलेला कोळी. पोरांनी होडीवर यावे ही त्याची इच्छा, आणि जोला मासळीच्या वासाचा तिटकारा. १९३९ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याच्यावर कौतुकाचा लेख छापला. कौतुक कसले, तर हा केसांना ऑलिव्हचे तेल लावीत नाही, ह्याच्या अंगाला लसणाचा वास येत नाही, आणि ह्याला स्पॅगेटीपेक्षा चिनी पदार्थ अधिक आवडतो! १९४१ मध्ये ह्याच जोने लागोपाठ ५६ सामन्यांत यशस्वी फटका मारण्याचा विक्रम केला, तो अजून अबाधित आहे. आणि १९४२ मध्ये, युद्ध पेटल्यावर, शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरलेल्या त्याच्या बापाला सॅन फ्रान्सिस्कोच्या कोळीधक्क्यावर जायला मज्जाव झाला. मुलगा देशाच्या गळ्यातला ताईत. बाप आपल्याच बंदराला पारखा.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे हेलन बॅरोलिनीच्या ‘फेस्टा’ ह्या १९८८ च्या पुस्तकाचे मोल कळते. नावाने ते सणांच्या पाककृतींचे आणि आठवणींचे पुस्तक. दुकानदार ते चाकू-कढयांशेजारी मांडणार. पण लिहिणारी बाई ‘उंबर्टिना’ ही पिढ्यांची कादंबरी लिहिणारी, मुरलेली लेखिका. लहानपणी तिला आजीची भाषा येत नव्हती. ज्या नातीला आजीशी चार वाक्ये बोलता आली नाहीत, ती मोठेपणी आजीच्या मुलखातले सण महिन्यामहिन्याने मांडते, तेव्हा ते नुसते जिभेचे चोचले राहत नाहीत.

ह्या घरांतला मोठा दिवस म्हणजे नाताळची आदली रात्र. जुन्या कॅथलिक नियमाप्रमाणे त्या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून मासे. आणि अमेरिकेतल्या कितीतरी इटालियन घरांत चांगले सात प्रकारचे मासे. आपण हसू नये, एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपलीच आहे. खारवून सुकवलेला कॉड मासा दोन-तीन दिवस आधी पाण्यात पडतो, ते पाणी पुन्हा पुन्हा बदलायचे; नेपल्सकडची मंडळी वाम मासा जिवंत आणून घरी कापतात; पिठाच्या इवल्या गोळ्या तळून मधात घोळवून स्त्रुफोली नावाचा ढीग रचतात. ईस्टरच्या पास्तिएरात तर शिजवलेले अख्खे गहू पडतात. आपल्या गव्हाच्या खिरीवर वाढलेल्या वाचकाला ती चव परकी वाटणार नाही.

पाणी कोण बदलते? रात्री उठून कोण पाहते? ह्या जातीच्या पुष्कळ पुस्तकांत हा प्रश्न मधात बुडून जातो. आजी हसतमुख, आई दमत नाही, परातीतले कधी संपत नाही. असले लेखन मला दुकानच्या मिठाईसारखे वाटते. पहिला घास बरा, पुढे घशाशी येते. पाककृती जवळ ठेवण्याचा फायदा असा, की ती खोटे बोलू शकत नाही. तीन दिवस म्हटले की तीन दिवसच. आठवण जे कष्ट विसरते, ते कृतीत शब्दाशब्दाला लिहिलेले असतात.

मी शाळामास्तर, वाक्य दिसले की क्रियापद धरण्याची खोड जात नाही. आपल्याकडे ‘आई मासे भिजत घाली’ हा रीतिभूतकाळ, आणि ‘तो चेंडू अडवला असता तर आपण जिंकलो असतो’ हा संकेतार्थ. पहिले स्वयंपाकघराचे व्याकरण, दुसरे मैदानाचे. इंग्रजीत मात्र दोन्ही ठिकाणी ‘वुड’ हा एकच शब्द राबतो. नेहमी घडत असे तेही त्याच शब्दात, कधीच घडले नाही तेही त्याच शब्दात! ह्या पुस्तकांतली चूल आणि हार एकमेकींच्या इतक्या जवळ का, ह्याचे अर्धे उत्तर मला त्या शब्दात सापडले. बॉस्टनचा बिल बकनर १९८६ च्या सहाव्या सामन्यात खाली वाकला आणि चेंडू पायांमधून गेला. वास्तविक तोवर न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने बरोबरी साधली होती, आणि सातवा सामना अजून व्हायचा होता. पण संकेतार्थ हिशेब मानीत नाही. तो बकनरला वर्षानुवर्षे वाकवीतच राहिला.

दोन्ही धागे एका हाती आलेले पाहायचे तर मला इटालियन घर सोडून शेजारच्या आयरिश वंशाच्या घरात जावे लागते. डोरिस कर्न्स गुडविन ही अध्यक्षांची चरित्रे लिहिणारी इतिहासकार. १९९७ च्या ‘वेट टिल नेक्स्ट इयर’ मध्ये ती ब्रुकलिनच्या डॉजर्स संघावर जीव टाकणारे आपले बालपण सांगते. बापाने सहा वर्षांच्या पोरीला धावफलक भरायला शिकवले. दुपारी सामना ऐकून ती टिपून ठेवी आणि संध्याकाळी बाप घरी आला की चेंडू चेंडू वाचून दाखवी. आपण सांगितले नाही तर बाबांना कळणारच नाही, अशी तिची समजूत. सगळे वर्तमानपत्रात छापून येते, हे बापाने तिला कळू दिले नाही. संघ १९५५ मध्ये एकदाचा जिंकला, आणि १९५७ चा हंगाम संपल्यावर लॉस एंजेलिसला निघून गेला. पुढच्या वर्षी आई गेली. लेखिका ह्या दोन गोष्टींची सांगड मुद्दाम घालीत नाही. त्या एकापाठोपाठ येतात, एवढेच. इथे पराभव ऋतू होत नाही. घरात कोणाचे तरी ताट कमी होते. जियामाटीच्या निबंधात मला हेच कमी पडले होते, आणि भाषेचे सौंदर्य त्याचेच अधिक असूनही मी गुडविनचे पुस्तक वरचे मानतो.

जियामाटी आयुक्त झाला १ एप्रिल १९८९ ला, आणि सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी, ५१ व्या वर्षी, हृदयविकाराने गेला. बॉस्टन जिंकले २००४ च्या ऑक्टोबरात. त्या दिवसांत न्यू इंग्लंडमधली कितीतरी माणसे स्मशानांत गेली, आणि वाट पाहून गेलेल्या आईबापांच्या थडग्यांवर संघाची निशाणे, टोप्या आणि विजयाची बातमी छापलेली वर्तमानपत्रे ठेवून आली.